देव बरो, पण नाटक पडलां

'महावतार नरसिंह' २५ जुलै २०२५ रोजी थिएटरांत लागला, तेव्हा त्याचा पहिल्या दिवसाचा गल्ला दोन कोटींच्याही आत होता. पडद्यावर नट नाही, नटी नाही, गाजलेलं गाणं नाही. दिग्दर्शक अश्विन कुमार यांचं नाव बहुतेकांनी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं असेल. मग बातमी तोंडोतोंडी पसरली आणि ॲनिमेशनपट म्हणजे पोरांना सुट्टीत दाखवायची गोष्ट, हा आपल्याकडचा समज आठवडाभरात उडून गेला. कमाईने ३०० कोटींचा टप्पा ओलांडला. इतका धंदा केलेला दुसरा भारतीय ॲनिमेशनपट नाही. लोक चपला दाराबाहेर काढून थिएटरात गेले. खांब फुटला तेव्हा उभे राहिले, हात जोडले, जयघोष केले. त्याआधी नोव्हेंबर २०२४मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला होता, म्हणजे आम्हा सिंधुदुर्गवाल्यांच्या उंबऱ्यापर्यंत येऊन गेलेला. मी तो पाहिला तोही गोव्यातच, म्हापशाला, नातलगांच्या पोराबाळांसह.

मला तो आवडला नाही.

आवडला नाही याचं मला फार वाटलं नसतं. न आवडलेले सिनेमे माणूस विसरून जातो. पण हे वाक्य चारचौघांत उच्चारल्यावर जो प्रश्न आला, तो काही केल्या विसरता येईना. पोस्टात, मासळीबाजारात, एका बारशाच्या जेवणावळीत, वेगवेगळ्या तोंडून तोच प्रश्न: "म्हणजे तुमी देव मानणास नाय?"

हा प्रश्न मुंबईत कुणी विचारला असता तर मी हसून सोडून दिला असता. मालवणात तो विचारला जावा याचं नवल वाटलं. कारण विष्णूचे दहा अवतार रात्रभर डोळ्यांसमोर नाचवायचे आणि पहाटे त्याच अवतारांच्या कामाची चिरफाड करायची, हा या मुलखाचा शेकडो वर्षांचा शिरस्ता आहे. कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की गावोगावच्या देवळांपुढे दशावतार होतो. आमच्याकडची जुनी माणसं त्याला धयकालो म्हणतात, कारण पहाटे दहीहंडी फोडून खेळ संपतो. शामजी नाईक काळे यांनी तो अठराव्या शतकात कर्नाटकातून कोकणात आणला असं सांगतात. ते खरं असो नसो, मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर, खानोलकर, चेंदवणकर, आरोलकर ही कंपन्यांची नावं इथल्या पोरांना क्रिकेटच्या संघांसारखी पाठ असायची.

खेळाला बसलेल्यांना सांगायला नको, पण न पाहिलेल्यांसाठी थोडं लिहितो. कंपनीचा पेटारा येतो. त्यात गणपतीचा मुखवटा असतो आणि त्याची पूजा झाल्याशिवाय तोंडाला रंग लागत नाही. नट आपापला रंग आपणच लावतात. सगळे पुरुष, स्त्रीपार्टी नटाच्या पदराची चर्चा बायकाही करतात. पायपेटी, मृदंग, झांज, एवढीच साथ. सामान म्हणजे एक लाकडी बाकडं: तेच सिंहासन, तोच पर्वत, तीच नदीकाठची शिळा. आधी आडदशावतार: गणपती, रिद्धीसिद्धी, भटजी, मोरावरची सरस्वती आणि मग काळ्या कपड्यांत नखशिखान्त झाकलेला संकासुर. हा वेद चोरणारा दैत्य. पण बोलतो अस्सल मालवणी, आणि पायपेटीवर बसलेल्या नाईकाची व पुढे बसलेल्या गावकऱ्यांची अशी खेचतो की विष्णूने त्याला इतक्यात मारू नये असं वाटतं. त्यानंतर आख्यान. त्याला लिखित संहिता नसते. कथा सगळ्यांना ठाऊक असते, प्रवेशांचा क्रम ठरलेला असतो, शब्द मात्र ज्याचे त्याने तिथेच उभे करायचे.

अशा एका जत्रेत पाहिलेला प्रल्हाद मला अजून आठवतो. हिरण्यकशिपू करणारा नट मुरलेला होता, प्रल्हाद नवखा. नेहमीचं चाललं होतं: कुठे आहे तुझा देव, जळी आहे, स्थळी आहे. आणि मध्येच हिरण्यकशिपूने वाट सोडली. तुझा देव सगळीकडे आहे म्हणतोस, तर तो माझ्यातही असणार. मग तू आता भांडतोयस तो माझ्याशी की त्याच्याशी? पोरगा अडला. खरोखरीच अडला. नाईकाने पायपेटीवर सूर लांबवला, मृदंगवाल्याने एक तुकडा वाजवून वेळ काढला. ताडपत्रीवर बसलेली माणसं पुढे सरकली. मग तो पोरगा म्हणाला की बाबा, तुमच्या अंगातलं बळ त्याचंच आहे, फक्त तुम्हाला ते तुमचं वाटतं. टाळ्या पडल्या, पण त्याआधीचे ते काही क्षण टाळ्यांहून मोठे होते. त्या क्षणांत प्रल्हाद हरू शकत होता. मागाहून भागवताचा सातवा स्कंध वाचला, तेव्हा प्रल्हादाचं उत्तर जवळपास हेच निघालं: माझं बळ आणि तुमचं बळ एकाचंच. त्या पोराने भागवत वाचलं होतं की त्याला ते तिथेच सुचलं, देव जाणे.

चित्रपटातला प्रल्हाद अडत नाही. त्याला अडायला सवडच नाही. गोड चेहऱ्याचा, मोठ्या डोळ्यांचा तो मुलगा पहिल्या चौकटीपासून जिंकलेला आहे. त्याला कड्यावरून ढकलतात, आगीत बसवतात, आणि दर वेळी संगीत आपल्याला आधीच सांगून टाकतं की काळजी नको. हिरण्यकशिपूचं तर त्याहून वाईट झालंय. तो नुसता राग आहे, मांसपेशींवर चढवलेला. वास्तविक हा पुराणांतल्या सर्वांत गुंतागुंतीच्या पात्रांपैकी एक. त्याच्या भावाला वराहाने मारलेलं आहे. भागवतात तो आपल्या शोकाकुल आईला, दितीला, आत्मा मरत नाही, देहासाठी रडू नये, असा वेदान्त सांगतो. एका मेलेल्या राजाची आणि बालरूपात आलेल्या यमाची गोष्ट सांगून तिचं सांत्वन करतो. इतकं समजणारा माणूस पुढे अमरपणाचा वर मागतो! सगळं नाटक या विसंगतीत आहे. दशावतारातला कसलेला नट याच फटीत शिरतो आणि अर्धा तास भाषण ठोकतो. पडद्यावर हिरण्यकशिपूचं हे अंग मला दिसलं नाही. असलंच तर आवाजात बुडालं.

आणि मग ती शेवटची मारामारी. इथे मला न्यायाने बोललं पाहिजे, कारण चाहते हटकून सांगतात की युद्ध तर पुराणातच आहे. आहेच. गरुडाने सापाला खेळवावं तसं नरसिंहाने त्याला हातून निसटू दिलं आणि पुन्हा धरलं, असं भागवतात वर्णन आहे. तंत्राच्या दृष्टीने चित्रपटातला तो भाग सर्वांत मेहनतीचा आहे, आयाळीचा केस न् केस मेहनतीचा. माझी तक्रार वेगळी आहे. नरसिंहाची गोष्ट ही मधल्या जागेची गोष्ट आहे. दिवस नको, रात्र नको. घरात नको, बाहेर नको. माणूस नको, जनावर नको. जमीन नको, आकाश नको. वर मागणाऱ्याने जगाची सगळी दारं बंद केली, आणि देव त्या दारांच्या फटीतून आला: तिन्हीसांजेला, उंबऱ्यावर, मांडीवर, नखांनी. बुद्धीला चकित करणारी ही कथा आहे, ताकदीचा भाग त्यानंतरचा. एकदा डोंगर फुटू लागले, आकाश पेटलं आणि दोघे राक्षसी वेगाने एकमेकांवर आदळू लागले की उंबरठा दिसेनासा होतो. मग जो जास्त बलवान तो जिंकला, एवढाच हिशेब उरतो. तसा हिशेब तर हिरण्यकशिपूचाच होता.

मारल्यानंतरचा प्रसंग तर मला युद्धाहून मोठा वाटतो. राग शमत नाही. देव घाबरलेले, लक्ष्मीसुद्धा पुढे जायला तयार नाही. अखेर ब्रह्मदेव त्या लहान पोराला पुढे पाठवतो आणि तो न भिता जातो. जगाला वाचवायला आलेल्या देवाची जगाला भीती वाटते आणि त्याला शांत करायला एक मूल लागतं, हे कुणाला सुचलं असेल! पुढे वर माग म्हटल्यावर त्या मुलाने बापाची शुद्धी मागितली. आमच्या भागातल्या कितीतरी सारस्वत घराण्यांचा कुलदेव गोव्यातल्या वेलिंगचा लक्ष्मीनृसिंह. पोर्तुगीजांच्या धाकाने १५६७मध्ये सांकवाळहून हलवलेला. त्याची उपासना त्याच्या शांत, लक्ष्मीसहित रूपाची आहे. उग्र नरसिंह थोडा वेळ पाहायचा असतो. घरात ठेवायचा तो हा.

आता दुसरी बाजू. लोकनाट्य म्हणजे साधंभोळं, खरं, आणि संगणकावरचा सिनेमा म्हणजे चकचकीत, खोटा, अशी मांडणी करायचा मोह मला पडलाय असं कुणाला वाटेल. तसं म्हणायला इथली परिस्थितीच जागा ठेवत नाही. दशावताराच्या जाहिराती एकदा वाचा: "ट्रिकसीनयुक्त भव्य नाट्यप्रयोग". थर्माकोलचे खांब दुभंगतात, धूर येतो, लाल-निळे दिवे लागतात, नाग उडतात, मुंडकी तुटतात. ट्रिकसीनला गर्दी लोटते आणि जुने रसिक नाक मुरडतात. पण तेही बघून झाल्यावर मुरडतात. चमत्कार डोळ्यांनी बघायची हौस माणसाला फार जुनी. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्या दिव्यापुढे धरून पडद्यावर सावल्या नाचवत आली, कळसूत्री बाहुल्या खेळवत आली, चित्रकथीच्या पोथ्यांतलं एकेक चित्र पुढे करून रामायण गात आली. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलं, ही कला सांभाळली, आणि २०२१मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रांना जिवंत करायचा उद्योग आमच्या जिल्ह्यात सिनेमाच्या खूप आधीचा आहे. आणि सिनेमात म्हणाल, तर दादासाहेब फाळक्यांनी १९१५मध्ये आगकाड्या नाचवून दाखवल्या आणि १९२६मध्ये 'भक्त प्रल्हाद'ही काढला. तेव्हा यंत्राला माझा विरोध नाही. उलट इतक्या मोठ्या देशात ॲनिमेशनच्या कलाकारांना जाहिराती आणि परदेशी कंपन्यांची पडेल कामं यापलीकडे फारसं काही मिळत नव्हतं, त्यांना या यशाने बरे दिवस आले तर मला आनंदच आहे.

चपला काढण्यालाही माझा आक्षेप नाही. पेटाऱ्यापुढे आम्हीही नमस्कार करतोच. (चपलांचं म्हणाल तर आमच्याकडे उलटंही आहे. आरवलीच्या वेतोबाला भक्त चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत हिंडतो, त्याच्या चपला झिजतात, म्हणून.) दशावतारी नट विष्णू होऊन उभा राहिला की पहिल्या रांगेतली म्हातारी हात जोडते. तोच नट तासाभराने रंगपटामागे विडी ओढताना दिसतो आणि तिला त्यात काही वावगं वाटत नाही. सकाळी चहाच्या टपरीवर तीच म्हातारी सांगणार, "आज विष्णूत काय जीव नव्हतो." देवाला नमस्कार आणि कामाला मार्क, हे दोन हिशेब ती वेगळे ठेवते. तिच्या मते विष्णू वाईट झाला याचा अर्थ विष्णू वाईट आहे असा होत नाही. उलट, देवाचं सोंग घेतलंय तर नीट घ्यायला हवं, हा तिच्या भक्तीचाच भाग.

देवाशी आमचं बोलणंही असंच रोखठोक असतं. गाऱ्हाणं घालताना सगळा गाव 'व्हय महाराजा' म्हणून साथ देतो, पण त्या गाऱ्हाण्यात विनवणीइतकीच मागणी असते, आणि कधी चक्क जाब विचारलेला असतो. कौल उजवा पडला नाही तर पुन्हा लावतात. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' १९८०मध्ये रंगभूमीवर आलं. गावच्या हौशी मंडळींनी द्रौपदीवस्त्रहरणाचा घातलेला गोंधळ हाच त्याचा विषय. मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले. त्यात धर्मराजापासून दुःशासनापर्यंत सगळ्यांची फजिती होते आणि मालवणी माणूस पोट धरून हसतो. महाभारताचा त्यात अपमान झाला असं त्या प्रेक्षकांना वाटलं नाही, कारण हसू कशाचं आणि कुणाचं हे त्यांना नेमकं कळत होतं. आज ते नाटक नव्याने लिहिलं गेलं असतं तर? मला खात्री वाटत नाही.

मग ही समज पातळ कशी झाली? एक कारण मला दिसतं ते असं. जत्रेतला नट समोर असतो, हाडामांसाचा, दमलेला, दिवसा शेतात राबून आलेला. त्याच्यात आणि देवात अंतर आहे हे लहान पोरालाही दिसतं. ते अंतर प्रेक्षक आपल्या मनाने भरतो, आणि भरता भरता तो परीक्षकही होतो: आज किती भरावं लागलं, काल किती. ॲनिमेशनमध्ये नटच नाही. अमक्याने नरसिंह बरा केला नाही असं म्हणायला अमका सापडत नाही. पडद्यावरचा देव कुणाचंच सोंग नसल्यासारखा दिसतो, म्हणून त्याला नावं ठेवणं देवालाच नावं ठेवण्यासारखं वाटू लागतं. वास्तविक ते रूपही माणसांनीच ठरवलंय. खांद्यांची रुंदी किती, डोळ्यांत आग किती, डरकाळी कुठल्या क्षणी, हे सगळं कुणीतरी संगणकापुढे बसून निवडलं आहे. निवड म्हटली की ती चुकू शकते, आणि बघणाऱ्याला तसं म्हणता आलं पाहिजे.

दुसरं कारण अभिमानाचं. आमच्या पोरांनी वर्षानुवर्षं अमेरिकी आणि जपानी चित्रपट पाहिले. रामायणावरचा लोकांच्या मनात बसलेला ॲनिमेशनपटसुद्धा युगो साको या जपानी माणसाच्या ध्यासातून १९९२मध्ये उभा राहिला, राम मोहन यांच्या साथीने. आता 'आपला' चित्रपट त्यांच्या तोडीचा झाला, हा आनंद मी समजू शकतो. मात्र तोडीचा म्हणजे त्यांच्यासारखाच दिसणारा, त्यांच्यासारखाच आदळआपट करणारा असावा, हा हट्ट मला कळत नाही. या चित्रपटाच्या निर्मात्यांनी सात चित्रपटांची मालिका जाहीर केली आहे, २०३७पर्यंतची, तीही 'सिनेमॅटिक युनिव्हर्स' या अमेरिकी नावाने. दहा अवतारांना बांधणारा धागा आपल्याकडे आधीच होता. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याच्या पत्त्यांत प्रत्येक अवताराची बारा पानं, एकूण १२०, आणि त्यातला नरसिंह तळहाताएवढ्या गोल पानावर मावतो.

२०२५मध्येच, १२ सप्टेंबरला, सुबोध खानोलकरांचा 'दशावतार' हा चित्रपट आला. दिलीप प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री बघायला आमच्याकडची माणसं झुंडीने गेली. त्या चित्रपटावर इथे दोन-दोन तास वाद झाले. उत्तरार्ध ताणलाय, मालवणी काही ठिकाणी चुकलीय, प्रभावळकर मात्र थोर, वगैरे. मीही माझ्या तक्रारी मांडल्या. कुणी माझी श्रद्धा तपासली नाही. तोंडाला रंग लावलेला माणूस पडद्यावर दिसत होता, एवढाच काय तो फरक.

ज्यांना 'महावतार नरसिंह' मनापासून भिडला त्यांचं रडू खोटं होतं असं मी म्हणत नाही. माझ्या शेजारी बसलेली सात-आठ वर्षांची पोर खांब फुटताना माझा दंड घट्ट धरून होती. तिला प्रल्हाद पहिल्यांदा भेटला तो तिथे, आणि ते चांगलंच झालं. बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, काय आवडलं? "सिंह," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "पण त्याचा बाबा आधी एवढा रागावला का होता?" चित्रपटाबद्दल मी ऐकलेला हा एकमेव टीकात्मक प्रश्न, आणि तो विचारताना तिला आपण काही गैर बोलतोय असं वाटलं नाही. थोरांना तेवढीच मोकळीक हवी आहे.

मालिकेतला पुढचा चित्रपट 'महावतार परशुराम', २०२७साठी जाहीर झालेला. तो आमच्या अंगणातला विषय. समुद्र हटवून ही भूमी काढली अशी ज्याची ख्याती, चिपळूणजवळ पेढ्याला ज्याचं देऊळ आणि त्याच देवळामागे रेणुकेचं. त्याची गोष्ट नरसिंहाहून अवघड आहे. बापाच्या सांगण्यावरून आईवर शस्त्र उचलायचं, मग वर मागून तिला जिवंत करायचं, आणि तिला यातलं काही आठवू नये असंही मागायचं. शिवाय एकवीस वेळा केलेला तो संहार, जो कोकणातल्या सगळ्या जातींच्या घरांत एकाच कानाने ऐकला जात नाही. परशू चमकवायला आणि क्षत्रियांचे ढीग पाडायला संगणकाला काहीच कष्ट पडणार नाहीत. मी पहिल्या आठवड्यातच तिकीट काढून जाणार आहे. रेणुकेसमोर उभ्या राहिलेल्या त्या मुलाला, हात उचलण्याआधी, दोन मिनिटं तरी अडखळू देतात का, तेवढं मला बघायचंय.